खिडकीतली वाटी

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एका खिडकीपाशी चला. रस्त्याच्या बाजूची मोठी काच आहे. काचेच्या आत एक टेबल आणि टेबलाशी नऊ वर्षांची एक मुलगी. तिच्यापुढे निळ्या काठाची वाटी आहे आणि वाटीतून वाफा निघत आहेत. ती चमच्यावर फुंकर घालते, घोट घेते आणि डोळे मिटून मान डोलावते. आत काय असेल? सूप, असेच तुम्ही म्हणाल. रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही तसेच वाटावे, एवढ्यासाठी तर सारा खटाटोप होता. वाटीत गरम पाणी होते. त्यात तेलाचे चार थेंब, रंगापुरता चिमूटभर मसाला आणि वर एक हिरवे पान.

"मान एवढी हलवू नकोस," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "नाटक वाटतं."

"नाटकच आहे की."

"तोंड बंद. म्हणजे, उघड. पण खायला."

हे हॉटेल तिच्या आईचे होते. सहा टेबले, एक चूल आणि आई. हाताखाली एकच माणूस, म्हातारा वाढपी. प्रत्येक वाटी ठेवताना तो "हळू, गरम आहे" म्हणायचा. पाण्याचा पेला ठेवतानाही म्हणायचा. म्हणून सगळे त्याला हळूकाका म्हणत. मुलीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे होता. डोळे आता अधू झाले होते, पण सहा टेबलांमधून तो अंधारातही चालला असता.

आता जरा बाहेर पाहा. एके काळी हा शहराचा मधला, सगळ्यात गजबजलेला रस्ता होता. मग मोठी कार्यालये शहराबाहेर गेली. त्यांच्यामागे चपलांचे दुकान गेले, शिंपी गेला, सिनेमाघराच्या दाराला साखळी लागली. बसही दुसऱ्याच रस्त्याने जायला लागली. आता मागच्या गल्लीत एक थांबा तेवढा उरला होता, तिथे तासाला एक गाडी येई. या रस्त्यावर जेवायला बाहेर पडणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी राहिली. आणि हॉटेले मात्र दोन, अगदी समोरासमोर.

समोरच्या हॉटेलचा मालक पूर्वी याच आईच्या स्वयंपाकघरात कांदे चिरायचा. एक दिवस चिरता चिरता सुरी ठेवली आणि रस्ता ओलांडून स्वतःचे हॉटेल काढले. आईने त्या दिवसापासून त्याचे नाव टाकले. तो फक्त 'समोरचा' झाला.

दोघांच्या दारात खडूने लिहायचे काळे फळे होते. त्यावर पदार्थ कमी आणि भांडण जास्त असे. आईने एकदा लिहिले, 'इथे मालकीण स्वतः रांधते. समोर कोण रांधतं, विचारून पाहा.' दुपारपर्यंत समोरच्या फळ्यावर उत्तर आले, 'इथे बसायला जागा मिळेल. समोर तर मिळेलच.' ते वाचून पोस्टमन इतका हसला की त्याची सायकल पडली. आईने त्याला महिनाभर चहा दिला नाही.

रिकाम्या हॉटेलात कुणी पाय ठेवत नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. तुम्हीच आठवून पाहा, आत कुणीच बसलेले नसेल तर तुम्ही आईवडिलांना "इथे नको" म्हणताच ना? म्हणून दोघांनीही खिडकीत घरचीच माणसे बसवली. समोरच्याने आपल्या सासऱ्यांना बसवले. ते आठवडाभर वर्तमानपत्राचे एकच पान वाचत. इकडे सुट्टीच्या वेळी मुलगी आणि तिची मावशी. घरच्यांना खरे सूप घालणे परवडत नव्हते, म्हणून ही निळ्या काठाची वाटी निघाली. गिऱ्हाइकांसाठी पांढऱ्या वाट्या, खिडकीसाठी निळ्या. हळूकाकांना नियम घालून दिला होता. खिडकीतल्यांकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही, निळी वाटी ठेवायची आणि निघून यायचे. त्यावर "हळू, गरम आहे" एवढे मात्र ते म्हणतच. ते त्यांना थांबवता येत नव्हते.

मुलीलाही एक वाक्य पाठ करून दिले होते. कुणी गिऱ्हाइकाने विचारले तर म्हणायचे, "खूप छान आहे."

त्या आठवड्यात मात्र भांडणाला निराळीच धार चढली. रस्त्यावर एकच सरकारी कार्यालय उरले होते, जमिनींचे नकाशे ठेवणारी कचेरी. तिथल्या चाळीस माणसांचे दुपारचे जेवण दोहोंपैकी एका हॉटेलला मिळणार होते. कचेरीतले कुणीतरी न सांगता येऊन चव पाहणार होते. ज्याला ते काम मिळेल तो टिकणार आणि दुसऱ्याला दाराला कुलूप घालावे लागणार, हे सांगायला कुणी लागत नव्हते.

"वहिनी," समोरच्याने सकाळी रस्त्यापलीकडून हाक मारली. पूर्वी तो तिला वहिनीच म्हणायचा, आता टोचायला म्हणायचा. "खुर्च्या विकणार असाल तर आधी मला सांगा हं. दोन पाय मोडके असले तरी चालतील."

"तुझ्या सासऱ्यांना ते वर्तमानपत्र उलटं धरलंय म्हणून सांग आधी," आई म्हणाली आणि तिने फडके इतक्या जोरात झटकले की त्याच्या दारापर्यंत धूळ गेली.

समोरच्याने मागे वळून पाहिले. वर्तमानपत्र खरेच उलटे होते.

गुरुवारी दुपारी मावशीला यायला उशीर झाला. मुलगी एकटीच खिडकीत बसली होती. आई चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातले कांद्याचे सूप ढवळत होती. त्या वेळी दार उघडून एक बाई आत आल्या. अंगात तपकिरी कोट, डोक्याला रुमाल. मावशीचाही कोट तसाच होता, रुमाल तसाच होता. पाच टेबले रिकामी असूनही त्या सरळ खिडकीशी गेल्या.

"बसू का इथे? ऊन आहे म्हणून."

मुलीने मान हलवली. तिने त्यांच्या छातीवरचा कचेरीचा बिल्ला पाहिला आणि तिच्या हातातला चमचा थांबला.

हळूकाका स्वयंपाकघरातून निघाले. खिडकीत मुलगी आणि तिच्यासमोर तपकिरी कोट, त्यांना एवढेच दिसले. त्यांनी फळीवरची निळी वाटी उचलली, किटलीतले पाणी ओतले, तेल, मसाला आणि पान टाकले, आणि नियमाप्रमाणे चेहऱ्याकडे न पाहता वाटी टेबलावर ठेवली.

"हळू, गरम आहे."

मुलीने तोंड उघडले, पण काका वळून गेलेही होते. बाईंनी एक चमचा घेतला. मग आणखी एक, जणू पहिल्या वेळी आपलीच काही चूक झाली असावी. चमचा खाली ठेवून त्या मुलीच्या वाटीकडे पाहायला लागल्या.

"तुझंही सूप असंच आहे?"

घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलेच आधी आठवते.

"खूप छान आहे," ती म्हणाली.

बाईंनी तिची वाटी पुढे ओढून चव घेतली आणि मग हाक मारली, "मालक कोण आहेत इथले?"

आई हात पुसत बाहेर आली. तिने बिल्ला पाहिला, निळी वाटी पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मुलीला बसल्या जागेवरून दिसले.

"हे तुम्ही चाळीस माणसांना घालणार?" बाईंनी विचारले.

"नाही हो! चूक झाली. हे आमचे काका, यांना दिसत नाही नीट. काका! काय वाढलंत तुम्ही हे?"

"त्यांना दिसत नसेल, कबूल. पण या मुलीच्या वाटीतही हेच आहे. तीही चूकच?"

आई पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागली. खरे सांगितले तर आपण रस्त्यावरच्या माणसांना फसवतो, हे कबूल करावे लागणार होते. समोरचा आपल्या दारात येऊन उभा राहिला होता आणि मान उंचावून पाहत होता.

हळूकाका टेबलाजवळ आले.

"चूक नाही बाई," ते म्हणाले. "मीच करतो हे. मालकिणीला माहीत नाही. सूप मी डब्यात भरून घरी नेतो आणि इथे पाणी घालून वाढतो."

"म्हणजे चोरता?"

"हो."

"आणि या पोरीच्या तोंडचंसुद्धा?"

काकांनी मुलीकडे पाहिले नाही. "हो," ते म्हणाले.

आता तुम्हाला सांगतो, या माणसाने इतक्या वर्षांत त्या हॉटेलातला पावाचा तुकडाही न विचारता खाल्ला नव्हता. दुपारचे जेवणही तो शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर, दाराकडे पाठ करून, उभ्याने जेवायचा. आईला हे ठाऊक होते. मुलीला ठाऊक होते. समोरच्यालाही ठाऊक होते, कारण कांदे चिरायच्या दिवसांत त्याला भूक लागली की काका आपल्या ताटातले अर्धे त्याला द्यायचे.

"असा माणूस कामावर ठेवता तुम्ही?" बाई आईला म्हणाल्या.

किटलीचे झाकण तेवढे वाजत होते. आईने एकदा काकांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते.

"नाही," आई म्हणाली. "आजपासून नाही. काका, निघा तुम्ही."

काकांनी कमरेचे फडके सोडले, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मग ते बाहेर पडले.

"काय काका, हाकललं का?" समोरचा ओरडला. "इकडे या! मला वाढपी हवाच आहे. चोर असला तरी चालेल, आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काही!" तो हसला, पण हसणे फार टिकले नाही. काका त्याच्याकडे न बघता कोपऱ्यावरून मागच्या गल्लीत वळले.

आईने पांढऱ्या वाटीत खरे सूप आणले. वर भाजलेला पाव ठेवला. बाईंनी सावकाश सगळे संपवले आणि तोंड पुसले.

"हे उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "समोर कालच जाऊन आले. तिथे मीठ सोडून कशालाच चव नव्हती. चोर गेला, प्रश्न मिटला. सोमवारपासून चाळीस पानं. मी आत्ताच वर कचेरीत जाऊन लिहून टाकते."

त्या गेल्यावर आई खुर्चीत बसली आणि हसली. हसताना तिचे खांदे इतके हलत होते की मुलीला वाटले, ही रडतेच आहे. मग आई उठली. तिने फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत 'सोमवारपासून गर्दी असेल, लवकर या' असे लिहिले. ते समोरच्याला दिसावे म्हणून फळा थोडा तिरका केला. समोरच्याने वाचले आणि दार आपटून तो आत गेला. त्याच्या सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"ये," आई मुलीला म्हणाली. तिने दुसरी पांढरी वाटी काठोकाठ भरून टेबलावर ठेवली. "आज खरं खा. पोटभर खा."

मुलीने वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि ती दाराकडे निघाली.

"अगं, कुठे? ए! सांडेल ते!"

ते सांडलेच. थोडे उंबऱ्यावर, थोडे पायांवर, थोडे समोरच्याच्या दारापुढच्या फरशीवर. ती मागच्या गल्लीत पोहोचली तेव्हा वाटी अर्धी झाली होती. काका बसथांब्याच्या खांबाला टेकून उभे होते. कमरेला फडके नसल्यामुळे ते तिला भलतेच बारीक दिसले.

"हे काय? आई ओरडेल," ते म्हणाले.

"तुम्ही चोर नाही."

"नाही."

"मग का म्हणालात?"

"दोष घ्यायला तिथे कुणीतरी असायला हवं होतं. नाहीतर त्या बाई उठून गेल्या असत्या." त्यांनी वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. "माझं काय, आज ना उद्या डोळ्यांपायी जायचंच होतं. आईला काम मिळालं ना?"

"मिळालं."

"झालं तर मग."

"पण तुम्हीच का? आई होती की तिथे."

"असं बोलू नये आईला." काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग ते नरमले. "तिच्याजवळ तू आहेस. तिला हे हॉटेल लागतं. जा घरी. आणि मी इथे उभा होतो हे सांगू नकोस."

लांबून बस येताना दिसली. काकांनी उभ्या उभ्या, गल्लीकडे पाठ करून दोन घोट घेतले आणि वाटी तिच्या हातात परत दिली. मग ते बसमध्ये चढले. बसायला जागा असूनही उभेच राहिले.

मुलगी रस्त्यावर परत आली. डाव्या हाताला आईचे हॉटेल होते. आई दारात उभी राहून तिला खुणेने बोलावत होती. उजव्या हाताला त्या बाईंची नकाशांची कचेरी होती. तिचा जिना रस्त्यावरूनच सुरू व्हायचा आणि त्याच्या पायऱ्या लहान मुलांच्या मानाने जरा उंचच होत्या.

"अगं, इकडे!" आईने हाक मारली.

मुलीने वाटी फुटू नये म्हणून ती भिंतीच्या कडेला ठेवली. मग तिने उजवीकडे वळून जिन्याचा कठडा धरला आणि ती एकेक पायरी चढायला लागली.