गिरजेचे डोळे

"हलू नको मैना. डोलं मोठं कर. आजून मोठं," मी म्हटलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

मैनाच्या आईचा, गिरजेचा, उद्या दहावा होता. तिचा फोटो उभ्या जगात एकच, कुणाच्या तरी हळदीतला, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. शहापुरात असल्या कामाला माणसं माझ्याच स्टुडिओत येतात. पोटच्या लेकीचे डोळे उचलायचे, आईला बसवायचे, कडा मऊ करायच्या, पापणी जराशी थकवायची. वीस वर्षं हेच करतोय. घरचे लोक फोटो बघून रडले की काम जमलं असं मी समजतो.

गिरजेचा नवरा नवसू बाकावर बसला होता, टोपी मांडीवर. बापलेक मुरबाडकडच्या खेड्यातून एसटीने आले होते.

कॉम्प्युटरसमोर बसलो आणि डोकंच फिरलं. फोटोचं सॉफ्टवेअर 'अपडेट करा, अपडेट करा' म्हणून महिनाभर मागे लागलं होतं. काल अवदसा आठवली आणि हो म्हणून बसलो. आता डावीकडची माझी सगळी हत्यारं गायब. हात आपोआप जिथे जायचा तिथे एक जांभळी चांदणी लुकलुकत होती. वर मध्येच चौकट उघडून विचारतं, नवीन काय आहे ते बघायचं का? नाही बघायचं, मेल्या! आपल्याच घरात कुणी न विचारता चूल हलवावी आणि वर आपल्यालाच कौतुकाने घर दाखवावं, तसला प्रकार. शिसारी आली.

वैतागून चांदणीच दाबली. पडद्यावरची गिरजा हसली.

डोळे टपोरे, कुणाचे ते देव जाणे. सुरकुत्या पुसलेल्या, रंग उजळलेला, आणि ओठ फाकवून बत्तीसच्या बत्तीस दात. भाताच्या चिखलात जन्म काढलेली बाई टूथपेस्टच्या जाहिरातीत उभी केली होती.

"अगो बाय! आय कसली भारी दिसते!" मैना पुढे झाली. "हाच द्या काका."

"ह्यो? थू! ही तुजी आय नाय गो. थांब, माजी हत्यारं शोधतो मी."

नवसू उठून पडद्याजवळ आला. "हिला हसवली कोनी?"

"ह्या मशीननं."

"किती टाइम लागला?"

"दोन सेकंद."

"चालीस वर्सं झाली लग्नाला. मी नाय हसवली कवा," तो म्हणाला. "मारायचो मी, धर्माशेठ. सगल्या गावाला ठावं हाय."

मैना खाली बघत होती. मशीनवरची माझी किळस एकदम त्या म्हाताऱ्याकडे वळली. त्याच्याकडे न बघता मी ते दात पुसून टाकले.

माझी हत्यारं कुठल्या तरी यादीच्या तळाशी नेऊन कोंबली होती. ती शोधण्यात अर्धा तास गेला. मग मैनाचे डोळे बसवले, कडा मऊ केल्या. काळीसावळी, ओठ मिटलेली गिरजा सरळ आमच्याकडे बघू लागली.

नवसू दोन पावलं मागे सरला. "पयला होता तसाच द्या. मिटल्याला."

"आवं, मिटल्या डोल्यांचा फोटो कोन ठेवतं?"

"उद्या हार मला घालायचाय, समद्यांम्होरं. ती बघत आसली तर मला नाय जमायचं."

खरं सांगतो, मला दया आली, आणि दया आली याचाही राग आला. माऊस मिटल्या डोळ्यांच्या फोटोवर नेला.

"नाय काका," मैना म्हणाली. "उघडंच ठेवा. बघू दे तिला."

मी उघड्या डोळ्यांचाच फोटो छापला, फ्रेममध्ये बसवला आणि रिवाजाप्रमाणे घरच्या कर्त्याच्या, म्हणजे त्याच्या हातात दिला. त्याने काच छातीकडे केली. मैनाने फ्रेम त्याच्या हातातून घेतली, तोंड बाहेरच्या बाजूला केलं आणि ती एसटी स्टँडकडे चालू लागली. नवसूने डोक्यावर टोपी घातली आणि चार पावलं अंतर ठेवून तो तिच्यामागून निघाला.