राखीव कोअर

सकाळपासून मार्लिसचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. सर्व्हरमधले काही कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम उपसणारे भाग, कंपनी स्वतःच्या देखभालीसाठी राखून ठेवायची. त्यातले निम्मे तिनं काल ग्राहकांना देऊन टाकले होते, आणि तरीही पडद्यावर सगळं हिरवंगार होतं.

“अगं, बस की जरा!” शेजारचा डेझमंड वैतागला. “तक्रार नाही म्हणून तळमळणारी पहिलीच बाई पाहतोय. बॉस तुझ्यासाठी डोनट आणायला गेलाय.”

“गप रे! एरवी दिवसभर कुठला ना कुठला सर्व्हर कुरकुरतोच. आज सगळे एकदम शहाणे कसे झाले?”

ती कॉफीला उठली आणि रिकामाच कप घेऊन परत आली. काढून घेतलेल्या कोअरवर आधी काय काय चालायचं, ते तिनं पुन्हा तपासलं. बिघाड झाला की पडदा लाल करून बोंब मारणारा पहारेकरी प्रोग्रॅम त्यांच्यावरच चालत होता. आता त्याच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे ग्राहकांचे फोन एकदम वाजायला लागले.

“डेझमंड,” ती म्हणाली, “हे हिरवं कालचं आहे.”