डावीकडची फट

धाकटीने कानातलं काढून वाटीत ठेवलं, त्याशेजारी चष्मा ठेवला आणि एक्स-रेच्या यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, हनुवटी इथे टेकव. दात या काडीवर. आणि आता अजिबात हलू नकोस," भिंगरी म्हणाली.

स्वतः एका जागी दोन मिनिटं न टिकणारी ही पोरगी दुसऱ्याला हलू नकोस म्हणते, याचं धाकटीला हसू आलं. पण हसलं की चित्र बिघडणार, म्हणून तिने ते गिळलं. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती सावकाश फिरला आणि थांबला.

दातांच्या स्वच्छतेच्या या अभ्यासक्रमात बाकी सगळ्या पोरी अठरा-एकोणिसाच्या. ही एकतीस वर्षांची, म्हणून वर्गाची मावशी. घरी मात्र ती जन्मापासून धाकटी. जुळ्यांतली थोरली सात मिनिटं आधी आली होती आणि त्या सात मिनिटांचा तोरा तिने आयुष्यभर मिरवला. "मला ताई म्हणायचं," असं ती चौथ्या वर्षापासून बजावत आली होती. धाकटीने एकदाही म्हटलं नव्हतं.

मॅडमनी धाकटीचा जबडा पडद्यावर घेतला आणि बोटाने गोल गोल फिरवून पोरींना दाखवला.

"वर उजवीकडे बघा. पुढच्या मोठ्या दाताशेजारचा दात हिला मुळात आलाच नाही. हाड मात्र भक्कम आहे, नवा दात झकास बसेल. आणि मघाशी तोंडात पाहिलं, हिरडी कशी झिजलीय गं! इतका वेळ घासत काय बसतेस? आपणच लोकांना दोन मिनिटं सांगतो ना?"

धाकटीने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"संमतीपत्र शुक्रवारपर्यंत दे. या पोरींना शिकायला मिळेल आणि तुला दात." मग मॅडम वर्गाकडे वळल्या. "आता मी मुद्दाम एक चूक करते."

त्यांनी एक कळ दाबली. जबडा आरशात पाहावा तसा उलटला.

"फट कुठे गेली?"

"डावीकडे," पोरी म्हणाल्या.

"आणि चूक झालीय हे कशावरून कळेल?"

कोपऱ्यातलं बाजू सांगणारं अक्षर उलटं झालं होतं. भिंगरीने ते सगळ्यांच्या आधी हेरलं.

"शाबास. अक्षर उलटं दिसलं की तिथेच हात थांबला पाहिजे. नाहीतर आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!"

वर्ग खो खो हसला. धाकटीला हसता येईना, कारण पडद्यावर थोरली होती.

फट दोघींनाही होती. धाकटीला उजवीकडे, थोरलीला डावीकडे. लहानपणी दोघी समोरासमोर उभ्या राहून दात घासायच्या आणि बाबा म्हणायचे, "या घरात आरसा घ्यायची गरजच नाही." मग आई आजारी पडली. थोरलीने चौदा महिने तिचं सगळं केलं. धाकटी दुसऱ्या गावी नोकरीत होती; पुढच्या आठवड्यात येते, असं दर आठवड्याला म्हणायची. शेवटी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि तोंड वर करून तिने विचारलं, "मला आधी का नाही कळवलंस?"

"ज्याला यायचं असतं त्याला कळवावं लागत नाही," थोरली म्हणाली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. तीन वर्षं झाली होती.

चूक आपली होती हे धाकटीला त्याच दिवशी कळलं होतं, पण कळणं आणि फोन उचलणं यात अंतर असतं. ती फक्त रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची. आरशातल्या चेहऱ्याची फट डावीकडे असायची, आणि समोर थोरली असायची. दोन मिनिटांचं काम ती दहा मिनिटं पुरवायची. हिरडी झिजणार नाही तर काय! आता दात बसला की थोरली आरशातूनही जाणार होती. हे मॅडमना कुठल्या तोंडाने सांगायचं?

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर तिने ती कळ पुन्हा दाबली, उलट्या जबड्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि थोरलीला पाठवला. खाली काय लिहावं ते सुचेना. काहीच लिहिलं नाही.

त्या दिवशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवारी ती संमतीपत्र समोर घेऊन बसली, पेनाचं टोपण काढलं आणि मोबाइल वाजला.

"माझा जुना एक्स-रे तुला कुणी दिला?"

धाकटीने पेन बाजूला ठेवलं. तिने लिहिलं, "माझाच आहे. उलटा केलाय. इथे नवा दात बसवायचा म्हणतात. आज सही करायचीय."

बराच वेळ नुसतं 'लिहीत आहे' दिसत राहिलं. मध्येच ते बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

"मी गेल्या वर्षीच बसवला. रोज सकाळी आरशात तू येऊन उभी राहायचीस. कंटाळले."

धाकटीने ते दोनदा वाचलं. म्हणजे तिकडची धाकटी वर्षापूर्वीच गेली होती. तिला एकदम रडू फुटलं.

"झालं का गं मावशी? मॅडम कागद मागतायत," दारातून भिंगरी ओरडली.

मोबाइल पुन्हा वाजला.

"पण मग करमेना. तू बसवू नकोस. निदान मी येऊन बघेपर्यंत तरी."

धाकटीने पेनाला टोपण लावलं, बिनसहीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि नाक पुसलं. मग तिने "बरं" असं लिहिलं. थोडा वेळ थांबून त्यापुढे "ताई" लिहिलं आणि पाठवून दिलं.