व्हिसाआधीचा फ्लेक्स

नाचणगावच्या नाक्यावर अंकिताचा फ्लेक्स लागला, तेव्हा तिचा व्हिसाचा अर्ज अजून भरायचाच होता. जर्मनीच्या विद्यापीठातून प्रवेशाचं पत्र काय आलं, बबनकाकांना धीर कुठला! गावात कुणी बारावी पास झालं, कुणाला नोकरी लागली, की फ्लेक्स लागायलाच हवा आणि तो आपणच लावायला हवा, असा त्यांचा स्वतःशीच ठराव झालेला. 'उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध पासपोर्टच्या फोटोतली अंकिता, दोन्ही कान दाखवत, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. भोवती शुभेच्छुकांची गर्दी. त्यात काकांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा, गॉगलसकट.

"काका, मी अजून गेली कुठी?" अंकिता कळवळून म्हणाली.

"जाशीलच नं! पोळ्यात फ्लेक्सवाल्याले सवड नसते, म्हणून आताच छापून घेतला."

आणि व्हिसा नाकारला गेला.

कारण एका ओळीचं होतं: हाच अभ्यासक्रम का शिकायचा, हे अर्जदाराने पटवून दिलेलं नाही. पटवणार कसं? नागपूरच्या क्लासवाल्याने व्हिसाच्या मुलाखतीसाठी सगळ्या मुलांकडून एकच भाषण घोटून घेतलं होतं. जागतिक दर्जाचं शिक्षण, उज्ज्वल भविष्य, वगैरे. मुंबईला जर्मन वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकारीबाईंसमोर अंकिताने ते एका दमात म्हणून टाकलं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. बाईंनी मान हलवली, तेव्हा बिचारीला वाटलं, आवडलं.

घरी कुणी रागावलं नाही, हेच तिला जास्त लागलं. विद्यापीठाने जागा पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवली होती. पुन्हा अर्ज करता येणार होता, पण या वेळी चुकलं की जागाही गेली. आणि नाक्यावर तर ती कधीचीच रवाना झालेली! पुलगावची बस पकडायची म्हणजे त्या फ्लेक्सखालीच उभं राहायचं. लोक आधी वर बघायचे, मग तिच्याकडे बघायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस तिथे तानबा आबाजी भेटले. यांचं वावर अंकिताच्या वावराला लागून. माणूस सरळ, पण विचारायला लागला की पिच्छा सोडत नाही.

"काऊन वं, तू त गेलती नं?"

"नाई गेली, आबाजी. व्हिसा नाई भेटला."

"पण तिकडं जाऊन तू शिकणार काय होती?"

क्लासवाल्याचं वाक्य अंकिताच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. आबाजींना जागतिक दर्जा काय सांगणार, कपाळ!

"कापूस निघाल्यावर आपण पऱ्हाट्या उपटून जाळतो नं? त्या पऱ्हाट्या बारीक करून, दाबून लाकडासारख्या फळ्या बनवता येते. त्याचे दारं होते, टेबलं होते. थे शिकाचं हाये मले."

आबाजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्या फळीले वाळवी लागन का? पावसात फुगन का? वावरातून पऱ्हाट्या नेईन कोण, अन् नेणंच महाग पडलं त? बसची वाट बघणाऱ्या बायाही सरसावल्या. एक म्हणाली, "समद्या पऱ्हाट्या नेल्या त आमी चुलीत काय घालाचं?"

अंकिता उत्तरं देत गेली. वाळवीचं तिला सांगता आलं. पावसाचं अर्धंमुर्धं. नेण्याचं काहीच नाही, आणि चूल तर तिच्या डोक्यातही आली नव्हती. बस आली आणि गेली, वाद काही संपला नाही. हरूनही तिला त्या दिवशी फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिला व्हिसाबद्दल नाही, शिक्षणाबद्दल विचारलं होतं.

दुसऱ्या खेपेला ती त्याच खिडकीशी उभी राहिली. पलीकडे त्याच बाई. हाच अभ्यासक्रम का, त्यांनी विचारलं.

"माझ्या गावच्या लोकांनी मला काही प्रश्न विचारले," अंकिता म्हणाली. इंग्रजी अडखळत होतं, पण तिचं स्वतःचं होतं. "अर्ध्यांची उत्तरं मला देता आली नाहीत." मग वाळवी, पाऊस, वाहतूक, चूल, तिने सगळं सांगून टाकलं.

बाईंचं लिहिणं थांबलं. "मग चुलीचं काय करणार?"

"अजून माहीत नाही, मॅडम. म्हणून तर जायचंय."

पासपोर्ट घरी आला तो व्हिसा घेऊनच. आईच्या डोळ्यांना धार लागली. काका फ्लेक्सवाल्याचा नंबर शोधू लागले, तर अंकिताने त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला. तशीच ती वावराकडे पळाली. तानबा आबाजी पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग लावत होते.

"आबाजी, भेटला व्हिसा!"

"हो का! लय बेस झालं, पोरी." त्यांनी दुपट्ट्याने घाम पुसला. "कितीक सालाचं शिक्षण हाये?"

"दोन सालाचं."

आबाजींनी हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकली.

"मंग यंदाच्या जाळतो, पुढल्या सालच्याबी जाळतो," ते म्हणाले. "त्याच्या पुढच्या सालच्या ठेवतो. तू येजो."