फायरमन हौसाबाई

"आई, बेलचा खाली ठेवा. वॉचमन बघतोय."

"बगू दे. त्याच्या बापाची खडी हाय का?"

खडी त्याच्या बापाची नव्हती, शेजारच्या बिल्डरची होती. माझ्या सासूबाई, श्रीमती हौसा धर्मराज घरत, वय त्रेसष्ट, रोडपालीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पदर खोचून उभ्या होत्या आणि ती खडी बेलच्याने एका मोडक्या कूलरच्या पोटात फेकत होत्या. कूलरचं तोंड परातीएवढं. एक बेलचा डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या कोपऱ्यात, मध्ये पातळ थर. नेम चुकला की खडी टणकन पत्र्यावर आपटायची आणि वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडायची. घरतांची सून सासूकडून खडी वाहून घेते, असं सोसायटीच्या ग्रुपवर यायचं तेवढं बाकी होतं.

सुरुवात माझ्यापासूनच झाली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात कुंदनशेठच्या यार्डात एक वाफेचं इंजिन भंगार म्हणून आलं. कुठल्याशा बंद पडलेल्या साखर कारखान्यात उसाच्या वाघिणी ओढणारं, लहानखुरं, शंभरी ओलांडलेलं. कुंदनशेठने आयुष्यभर लोखंड कापलं, पण याच्यावर कटर चालवायला त्याचा हात होईना. "म्हाताऱ्या माणसाला कोण कापतं का?" म्हणाला आणि यार्डाच्या मागच्या बाजूला जागा देऊन टाकली. मग केतन नावाच्या एका कॉम्प्युटरवाल्या मुलाने हौशी मंडळी जमवली, रूळ टाकून घेतले आणि दर रविवारी आम्ही तिथे जाऊ लागलो. आठवडाभर कंटेनर कंपनीच्या ऑफिसात फोनवर लोकांची समजूत घातल्यावर रविवारी तारेच्या ब्रशने गंज खरवडण्यासारखं सुख नाही. पटत नसेल तर एकदा करून बघा.

सून दर रविवारी सकाळी जाते आणि संध्याकाळी काळी होऊन परत येते, हे कुठल्या सासूच्या पचनी पडेल? एका रविवारी त्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा घेऊन चौकशीला हजर झाल्या. इंजिनाभोवती एक फेरी मारली, भट्टीचं दार उघडून आत डोकावल्या आणि विचारलं, "ई चूल कोन पेटवताय?"

"मी," गफूरचाचा म्हणाले. हे पनवेलच्या मोहल्ल्यातले, रेल्वेत वाफेची इंजिनं हाकून निवृत्त झालेले. "पण बाय, कमर गेली माझी. हाकीन मी, कोळसा मारायला कोणीतरी जवान फायरमन पाहिजे."

"जवान हाय मी," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला त्या डोळ्यांची ओळख होती. आमच्या गावी, गव्हाणला होतो तोवर पहाटे घरात पहिली जाग चुलीला यायची आणि चुलीला जागं करायच्या त्या. घरचा स्वयंपाक तर होताच, पण गावात लग्न निघालं की मांडवामागचं चुलवण दुसऱ्या कुणाच्या हाती जायचंच नाही. "आग हौसाकडं द्या," हा गावचा शब्द. मग जमीन गेली, पैसे आले, आम्ही फ्लॅटमध्ये आलो. गॅसवर त्या स्वयंपाक करायच्या, पण परक्याच्या घरी केल्यासारखा. "निली आग. तिना ना रंग ना बोलनं," म्हणायच्या. एकदा त्यांनी बाल्कनीत तीन विटा मांडून चूल पेटवली, तर खाली अग्निशमन दलाची गाडी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून त्या टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसायच्या. ते रिकामे हात मला रोज दिसायचे आणि रोज वाईट वाटायचं.

म्हणून ही चूल त्यांना मिळायलाच हवी होती.

केतन चांगला मुलगा, पण काळजीखोर. साडी, वय, वाफ, या सगळ्याची त्याला एकदम भीती वाटली. शेवटी त्याने अट घातली. "मावशी, बॉयलरची सरकारी तपासणी झाली की शनिवारी ट्रायल घेऊ. तुम्ही वाफेच्या दाबाचा काटा खाली येऊ दिला नाहीत, तर रविवारी पाहुण्यांसमोर इंजिन पहिल्यांदा चालवू तेव्हा फायरमन तुम्हीच. काटा पडला तर मात्र मी."

"मंजूर. पन साडी सुतीच नेसनार, ती तुझी विजार नाय," सासूबाईंनी उलट अट घातली.

तेव्हापासून पार्किंगमध्ये कूलर आणि खडीवर सराव सुरू झाला. शिवा, म्हणजे माझा नवरा, आधी लाजून लिफ्टमधूनच गाडीकडे पळायचा. मग एक दिवस खडीची पाटी भरून देताना दिसला.

शनिवारची ट्रायल झाली आणि ती आम्ही कोणी जन्मात विसरणार नाही. इंजिन जागच्या जागी उभं, पण जिवंत! भट्टीत लाल-पिवळी आग, बाहेर वाफेचा फुसकारा, आणि सासूबाई बेलचा मारताहेत. काटा चढला आणि दुपारभर तिथेच राहिला. गफूरचाचांनी शिट्टीची साखळी ओढली तेव्हा लोखंड बाजारातले हमाल हातातलं काम टाकून भिंतीवर चढले. "माशाअल्ला, बाय," चाचा म्हणाले, "रेल्वेत असतीस तर माझ्या आधी ड्रायव्हर झाली असतीस." केतनने स्वतःचे हातमोजे काढून त्यांना दिले. ते त्यांना मोठे होत होते, तरी त्या घालून फिरल्या.

संध्याकाळी चाचा म्हणाले, आता आग खाली पाडायची, भट्टी रिकामी करायची.

"दिवेलागनीला?" सासूबाई भट्टीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "तिन्हीसांजेला घरातला इस्तव कोन भायेर काढतंय? लक्ष्मी हाय ती."

केतन समजावू लागला. चाचांनी त्याला हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे. आग दाबून पण ठेवता येते. मी आहे रात्री, वॉचमन आहे, पाणी बघू." त्यांनी कोळसा दाराजवळ ओढून आगीची नीट रास केली, हवा कमी केली आणि ते मगरिबच्या नमाजाला गेले. मी नळावर हातांचा काळा रंग काढत बसले. तो काही निघाला नाही.

रविवारी सकाळी यार्डात पोचलो तर केतन इंजिनाच्या पायरीवर बसलेला. वाफेचा काटा तळाला टेकलेला. भट्टीत बघितलं, तर आत करडी, मऊ, शांत राख, एकसारखी पसरलेली. आग विझली होती.

"हे कोणी केलं?" केतन ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "अकरा वाजता पाहुणे येणार! ही राख वरून टाकलीय कोणीतरी!"

रात्री पाणी बघून, भट्टीचं दार न उघडताच झोपलेले चाचा दाढी खाजवत राखेकडे बघत होते. मला तर उत्तर माहीतच होतं. आमच्या गव्हाणच्या घरात रोज रात्री निजण्याआधी निखारा राखेत पुरला जायचा आणि पहाटे फुंकर घालून उठवला जायचा.

"मी केला," सासूबाई म्हणाल्या. "चाचा नमाजाला गेला तवा खालची राख काढून वर घातली. मना वाटला, रातभर उबेत ऱ्हाईल."

"बाय, बाय!" चाचांनी कपाळावर हात मारला. "चूल तोंडातून श्वास घेते. ही खालून घेते, जाळीतून. तू हिला गोधडीत गुंडाळून गुदमरवलीस!" आणि ते हसू लागले. कंबर धरून हसले. पण बाकी कोणाला हसू येईना.

सासूबाईंनी हातमोजे काढले, एकमेकांवर नीट ठेवले आणि बेलच्यासकट केतनपुढे धरले. "घे बाबा. काटा पडला. बोली ती बोली." त्यांचा आवाज स्थिर होता, पण हनुवटी नव्हती. त्या आता घरी जाणार आणि पुन्हा टीव्हीसमोर बसणार, हे मला लख्ख दिसलं.

केतनने बेलचा घेतला नाही. तो पुढे झाला आणि त्याने बॉयलरच्या अंगावर हात ठेवला. "अजून गरम आहे," तो हळू आवाजात म्हणाला. मग चाचांकडे वळून विचारलं, "आता पेटवली तर होईल?"

"पाणी गरम आहे. जाळी साफ करा, लाकडं आणा, आणि चांगली पेटलेली आग मिळाली तर होईल. काडीपेटी घेऊन बसलात तर नाही."

"पेटलेली आग मी आनतंय," सासूबाई म्हणाल्या. "जाली तुमी साफ करा."

आणि त्यांनी घमेलं उचललं.

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ ढाबे पहाटेपासून चालू असतात. सासूबाई स्कूटीवरून उतरल्या आणि थेट तंदूरपाशी गेल्या. "भाऊ, इस्तव देतंस का जरा?" ढाब्याचा सरदारजी बघतच राहिला. मी हिंदीत सांगितलं, इंजिन पेटवायचंय. कुठलं इंजिन ते त्याने विचारलंच नाही. चिमट्याने रसरशीत निखारे घमेल्यात घालत म्हणाला, "बैठो माताजी, चाय पियो."

"इस्तवाला आलेली बाई बसत नाय रे," त्या म्हणाल्या आणि घमेलं घेऊन निघाल्यासुद्धा. आमच्याकडे कुणी आलं आणि लगेच उठलं की हेच म्हणून चिडवतात. खरोखर विस्तवाला आलेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

परतीचा रस्ता मी कधी विसरणार नाही. मी गाडी चालवतेय आणि मागे सासूबाई एका हाताने माझा खांदा धरून दुसऱ्या हाताने घमेलं रस्त्याच्या बाजूला लांब धरून बसल्यात. वाऱ्याने निखारे आणखी फुलताहेत. दोन्हीकडून ट्रेलर. एक ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ताई, गाडी जळतेय!" तो ओरडला. "आमची नाय, तुझी बग!" सासूबाई मागून ओरडल्या, आणि अचानक आम्हा दोघींना असं हसू फुटलं की मला गाडी सरळ चालवता येईना.

यार्डात जाळी घासून लख्ख झाली होती. शिवाने कुठून कुठून पॅकिंगच्या फळ्या गोळा करून आणल्या होत्या. सासूबाई दारापाशी आल्या आणि थांबल्या. घमेलं हातातच. केतनकडे बघेनात.

केतनने भट्टीचं दार उघडून धरलं. "मावशी, निखारे थंड होतील. आणि फायरमनने असं खाली उभं राहायचं नसतं."

त्या वर चढल्या.

पाहुणे वेळेवर आले ही तक्रारीचीच गोष्ट, कारण वाफ वेळेवर नव्हती. कुंदनशेठने त्यांना सरबतात आणि स्वतःच्या आठवणींत गुंतवलं. गव्हाणहून बायका टेंपो करून आल्या होत्या. इंजिनात एक काळी बाई वाकून आग बघतेय, ती आपली हौसा, हे त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर मात्र त्यांनी जी आरोळी ठोकली, तिच्यापुढे शिट्टी फिकी पडली. काटा हळूहळू वर आला. चाचांनी दांडा ओढला. इंजिनाने एक मोठा उसासा टाकला आणि ते हललं. शंभर वर्षांचं लोखंड माझ्यासमोरून चालत गेलं. मी रडले. शिवाही रडला, पण धूर डोळ्यांत गेला म्हणाला.

यार्डाच्या टोकापर्यंत जाऊन इंजिन परत आलं, तेव्हा मंचावरून सत्काराला सुरुवात झाली. पहिलं नाव सासूबाईंचं होतं. "श्रीमती हौसा घरत यांनी कृपया मंचावर यावं." टाळ्या झाल्या. आई काही येईनात. पुन्हा पुकारा झाला. त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर फक्त दात पांढरे.

"आत्ता नाय! आग टाकून कशी येऊ?" त्या ओरडल्या आणि पुन्हा आत वळल्या. चाचांनी पुन्हा दांडा ओढला.

मग केतनने मंचावरून शाल आणि नारळ उचलला आणि खाली उडी मारली. इंजिन चालू लागलं होतं, तसा तोही त्याच्या शेजारून चालू लागला, दोन्ही हात पुढे करून. आत हौसाबाई एक बेलचा डावीकडे मारत होत्या, एक उजवीकडे. त्यांनी एकदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं, हसल्या, आणि कोळशाकडे वळल्या. केतन रुळाच्या शेवटापर्यंत शाल-नारळ घेऊन त्यांच्याबरोबर चालत गेला.