चौघांची पानं

आनंदराव शिर्के, म्हणजे आमच्या भोरच्या वाचनालयाचे अध्यक्ष, रविवारी पाच वाजता माझा ब्रिजचा, म्हणजे पत्त्यांच्या खेळाचा, तास बघायला येणार होते. "तास वाटला तर हॉल तुमचा. अड्डा वाटला तर त्याच दिवशी कुलूप," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. वाचनालयात पत्ते कुटतात अशी कुजबुज गावात सुरू झाली होती ना! हॉल गेला की वर्ग संपला. किकवीच्या रतनबाई काय, भाटघरचा गेनू काय, कुणाच्याच घरात पत्ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला आठवड्यातला हाच एक दिवस जिवंत वाटायचा. खोटं कशाला बोलू?

आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी आमचं सॉफ्टवेअरवरून जुंपलं. एकीकडे मी, दुसरीकडे मंदार आणि मुबारकभाई. मुबारकभाई एसटीतून निवृत्त झालेले, ब्रिजमधले माझे जोडीदार. मंदारचा कॉम्प्युटर क्लास. प्रोजेक्टर त्याचा, म्हणून तोराही त्याचाच. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवंगार टेबल, त्यावर चौघांची पानं उघडी, बटण दाबलं की पान आपोआप सरकायचं. मी साध्या स्लाइडवर एकेक पान चिकटवून धडा केला होता.

"काकू, ही लग्नपत्रिका वाटतेय," मंदार म्हणाला.

"बाई, चारी हात दिसले म्हंजी लोकांना लवकर कळंल," मुबारकभाईंनीही त्याचीच री ओढली.

माझा नुसता तिळपापड झाला. पण दोघांपुढे मी एकटी. म्हटलं, करा काय करायचं ते.

पाचला आनंदराव आले आणि हाताची घडी घालून मागच्या खुर्चीत बसले. शिपाई सोनबा कुलूप घेऊन दारात उभा. पडद्यावर हिरवं टेबल उमटलं, चौघांची पानं झळकली.

"बदामची राणी कुणाकडं आहे बघा," मी म्हणाले.

कुणीच बघेना. रतनबाईंनी पदर तोंडाशी धरून जमिनीकडे नजर लावली. गेनू खिडकीबाहेर बघत बसला. बाकीच्यांच्याही माना खाली.

"बघा, यांची यांनाच लाज वाटतेय!" आनंदराव उठले. "सोनबा, आवरायला घे."

"रतनबाई, वर का बघत नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"दुसऱ्याची पानं कशी बघू, बाई? मळ्यात मेंढीकोट खेळताना कुणी वाकून बघितलं तर आमी त्याला उठवून लावतो. तुमी तर चौघांचीबी उघडी टाकली."

"व्हय, डावच नासतो," गेनू खिडकीकडे बघतच म्हणाला.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पत्ते खेळत माझे केस पांढरे झाले, आणि ही एवढी गोष्ट सुचू नये?

"मंदार, ते बंद कर. माझी लग्नपत्रिका लाव."

मंदारची धांदल उडाली. पडदा निळा झाला, मग काळा. तोवर आनंदराव दारात पोचून चपला शोधायला लागले होते. एकदाची माझी स्लाइड आली. आमची पानं उघडी, ब्रिजच्या नियमाप्रमाणे जोडीदाराचीही उघडी, दोघा विरोधकांची मात्र पालथी. उजवीकडच्याने बोली लावल्याचं वर लिहिलं होतं.

एकेक मान वर आली.

"बदामची राणी त्या दोघांपैकी एकाकडं आहे. कुणाकडं?"

"उजवीकडच्याकडं," रतनबाई ताडकन म्हणाल्या. "त्यानंच बोली लावली. चांगली पानं नसता कोण बोलंल?"

"न्हाई, डावीकडं," गेनू अडून बसला.

"अहो, आधी एक्का टाकून बघा की!"

आवाज दारातून आला. आनंदरावांच्या एकाच पायात चप्पल होती.

"आन् एक्क्यावर राणी न्हाई पडली, तर?" मुबारकभाईंनी शांतपणे विचारलं.

"तर मग..." म्हणत आनंदराव आत आले, ते थेट पहिल्या रांगेत. मग जी हुज्जत सुरू झाली, तिला अंत नाही. शेवटी मंदार कंटाळला.

"थांबा, उत्तरच दाखवतो." त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"ए, हात लावू नकोस!" आनंदराव कडाडले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले. "डाव चालू आहे अजून."

तसेच डोळे झाकून ते दाराच्या दिशेने ओरडले, "सोनबा, ठेव ते कुलूप आत. आज उशीर होईल."