नादकाट्याची अर्धी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचा, दोन पायांचा, खाली आखूड दांडा असलेला. मला आपटलं की मी गुणगुणतो, आणि ते गुणगुणणं ऐकू आलं की नाही यावरून डॉक्टर माणसाचे कान तपासतात. माझं काम एवढंच. पण माझ्या नावावर त्याहून मोठं काम खपवलं गेलं आणि त्यात एका मुलीचं वाटोळं झालं. आज ते सांगून टाकतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. सूर बरोबर लागेपर्यंत कारागिराने मला कितीदा कानशीने घासलं आणि कितीदा आपटलं, याची गणती नाही. १९४८ साली डॉ. अंबादास निगुडकरांनी मला मुंबईहून कोल्हापुरात आणलं. शिवाजी पेठेत त्यांचा कानाचा दवाखाना होता. कुस्तीत कान मोडलेले पैलवान यायचे, पू वाहणारी लेकरं यायची. डॉक्टर मला तळहाताच्या कडेवर आपटून आधी कानाजवळ धरत, मग कानामागच्या हाडावर टेकवत. पेठेत लोक म्हणायचे, "निगुडकरांचा काटा खोटं बोलत न्हाई." मी ते ऐकून फुगलो होतो.

१९५३ साली गावातल्या प्रतिष्ठितांनी एक आरोग्य समिती काढली. अध्यक्ष होते दादासाहेब, मोठे वकील. बहिरेपणा रक्तातून उतरतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आपल्याकडे, विशेषतः कर्नाटकाच्या बाजूला, मामा-भाचीची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली. नात्यातल्या लग्नातून असा दोष कधीकधी उतरतो, हे खोटं नाही. पण 'कधीकधी' हा शब्द दादासाहेबांच्या कामाचा नव्हता. जन्मापासून बहिऱ्या मुलामुलींची यादी करायची, ती प्रत्येक समाजाच्या पंचांना द्यायची आणि त्यांची लग्नं होऊ द्यायची नाहीत, असा ठराव त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. फक्त पुरावा राहिला होता. त्यासाठी मला बोलावलं.

राजारामपुरीतल्या एका शाळेत तपासणी ठेवली. छापील कागदावर तीन रकाने होते: नाव, ऐकू येतं का, आणि आईबाप नात्यातले आहेत का. बहिरेपणा कधीपासून, असा रकानाच नव्हता. तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नाही.

रुद्रय्या नावाचे कापडदुकानदार बायको शांतव्वा आणि मुलगी शिवम्मा यांना घेऊन आले. तपासणीला येणाऱ्याला ऐकायचं यंत्र मिळेल, अशी कुणीतरी हूल उठवली होती. शिवम्मा अठरा वर्षांची, बहिरी, चेहऱ्याने हसरी. छापखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या बसलिंगशी तिचं लग्न ठरलं होतं. यंत्राच्या धडधडाटात त्यालाही खुणांनीच बोलायची सवय होती, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

शांतव्वा पुढे होऊन सांगू लागली, "डाक्टर, पोरगी चार वर्सांची हुईस्तवर बोलत हुती. मग ताप आला, मान लाकडागत ताठ झाली..."

"बाई, गप बसा की," समितीचे कारकून गुंडोपंत ओरडले. "तपासणी चालू हाय. काट्याचा आवाज बारीक असतोय."

शांतव्वा घाबरून गप्प झाली. शिवम्माने आईकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आईनेच तिच्या ओठांवर बोट ठेवलं. मग मला आपटलं. कानाजवळ धरलं तेव्हा शिवम्मा तशीच बसून राहिली. हाडावर टेकवलं तेव्हा माझ्या थरथरण्याने तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली.

"ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आईबाप नात्यातले?"

"व्हय की," रुद्रय्या ऐटीत म्हणाले. "सख्ख्या थोरल्या बहिणीची पोर केली. घरचं माणूस घरातच ऱ्हायलं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं: जन्मजात. रक्तातला दोष. मित्रांनो, मी फक्त 'ऐकू येत नाही' एवढंच सांगितलं होतं. का येत नाही, हे मला कळतच नाही. पण साक्ष माझ्या नावावर लागली.

तेवीस जण बहिरे निघाले, त्यातल्या सतरा जणांचे आईबाप नात्यातले. समितीच्या बैठकीत टाळ्या पडल्या. बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवणाऱ्या पद्मजाबाई तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

"मामा-भाचीची लग्नं झालीत आणि पोरं चांगली ऐकतात, अशा किती घरांत गेलात?"

"तिथं कशाला जायचं?" दादासाहेब म्हणाले. "तिथं काय बिघडलंय?"

सगळे हसले. बाई खाली बसल्या आणि ठराव मंजूर झाला. रुद्रय्यांचा थोरला मुलगा सिद्धराम याच आईबापाचा, आणि दुकानाच्या दारात उभा राहून गल्लीच्या टोकाचं कुजबुजणं टिपणारा. त्याला कुणी तपासणीला बोलावलं नव्हतं.

आठ दिवसांत बसलिंगचा चुलता दुकानात आला. "पावणं, पोरगी चांगली हाय. पण कागदावर लिवलंय नव्हं? उद्या बहिरा नातू निपजला तर लोक आमास्नी हसतील." साखरपुड्याची साडी तो परत घेऊन गेला. रुद्रय्यांनी घरी येऊन बायकोवर राग काढला, "तुझ्याच रक्तात खोट हाय." तिचं रक्त म्हणजे आपल्याच बहिणीचं, हे त्या शहाण्याला सुचलं नाही.

दोन महिन्यांनी पद्मजाबाई मायलेकींना घेऊन, पुन्हा तपासा म्हणत दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी मला डबीतून काढलं. उन्हातून चालत आल्याने शिवम्माला तहान लागली होती. तिने आईचा पदर ओढला आणि म्हणाली, "अव्वा, नीरू." कानडीत आई, पाणी. आवाज घोगरा, बेसूर, पण शब्द स्पष्ट.

डॉक्टरांचा हात थांबला. "हे कुणी शिकवलं हिला?"

"कुणी न्हाई," शांतव्वा म्हणाली. "तापाआधी बोलत हुती, त्यातलं ऱ्हायलंय. तवाच सांगत हुते की."

जन्मापासून बहिरं मूल असं आपलं आपण बोलायला शिकत नाही, हे डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तापाची सगळी हकीकत विचारली. मेंदूज्वर होता. रक्ताचा काही संबंध नव्हता. पुरावा मुलीच्या तोंडात होता आणि आम्ही तिला गप्प बसवून तो शोधत होतो. मला माझी लाज वाटली.

डॉक्टर त्याच दिवशी दादासाहेबांकडे गेले. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो.

"माझी चूक झाली. शिवम्माचं नाव काढा."

"एक नाव काढलं तर बाकी बावीस जणांचे आईबाप दारात येतील," दादासाहेब म्हणाले. "कुणाकुणाचा ताप ऐकत बसायचा? आणि ठराव वर सरकारात पाठवलाय. आपण स्वतः सही केलीय, डॉक्टर."

डॉक्टर उठून बाहेर पडले. घरी येऊन त्यांनी सरकारला एक पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. दुसरं त्यांनी लिहिलं नाही. त्यांना मी कधी माफ केलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

बसलिंगचं लग्न दुसरीकडे झालं. १९५७ साली डॉक्टरांनी मला एका शाळेला देऊन टाकलं. आता मी विज्ञानाच्या कपाटात असतो. मुलं मला आपटून पाण्यात बुडवतात, पाणी उडालं की खिदळतात. पायांवर गंज चढलाय. पुसायचा तर पुसा, नाही तर राहू द्या. माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, कागद कराल, ठराव कराल. हातात काटा घ्याल तेव्हा आधी त्याला विचारा की तुला किती कळतं. आणि ज्याच्याबद्दल ठराव करताय त्याला बोलू द्या.

परवा पद्मजाबाई शाळेत आल्या होत्या. विज्ञानाच्या मास्तरांशी बोलताना शिवम्माचा विषय निघाला. ती आता दुकानामागे बसून कापडाच्या घड्या घालते. तहान लागली की आता 'अव्वा, नीरू' म्हणत नाही, मुकाट्याने उठते आणि आपलं आपण पाणी घेते. तपासणीच्या दिवशी तिच्या ओठांवर ठेवलेलं बोट शांतव्वाने कधीच काढलं होतं. शिवम्माने मात्र ते अजून तिथंच ठेवलं आहे.